आत्याची माणसं

आत्याच्या कडेवर कायम कोणाचं तरी मूल असायचं आणि ते तिचं नसायचं. लग्नच केलं नव्हतं तिने. मेट्रोत एखादी बाई पर्समध्ये कार्ड शोधताना दिसली की आत्याचे हात आपोआप पुढे, "लाओ, इधर दो, तुम आराम से ढूँढो," आणि ती बाई दचकून मूल अजून छातीशी धरायची, कारण हल्ली इकडे कोण कोणाच्या हातात मूल देतं. पण मूल मात्र आत्याकडे झेप घ्यायचं. दवाखान्यात, बँकेत, भाजीच्या ठेल्यापाशी, सगळीकडे तेच. मी म्हणायचे, आत्या, एखाद दिवशी लोक तुला पोलिसात देतील. ती म्हणायची, "देऊ दे. तिथं पण कोणाचं तरी लेकरू रडत असेलच."

दिल्लीतल्या आपल्या मंडळाच्या गजभिये भाऊंनी फोन करून सांगितलं की मंडळाच्या अंकात आत्यावर लिही, तूच जवळची, आणि चांगलं चांगलं लिही. मी नववीपर्यंत शिकले, मला लिहायची सवय नाही आणि भीती पण वाटते, कारण हे वाचणारे सगळे तिला ओळखत होते, आणि ज्या दिवसाचं मी सांगणार आहे त्या दिवशी त्यातले बरेच जण तिच्या घरात होते. पण नुसतं चांगलं लिहायचं म्हटलं तर आत्या अर्धीच लिहून होईल.

ती माझ्या बाबांची मोठी बहीण. नागपूरहून सरकारी नोकरीत दिल्लीला आली ती इकडचीच झाली. क्वार्टरमध्ये राहायची, आणि त्या क्वार्टरमध्ये आपल्याकडच्या घरांतली किती पोरं वाढली ते तुम्हालाच जास्त माहीत. पाटणकर काकूंना बाळंतपणानंतर फार त्रास झाला, अंथरुणातून उठता येईना, तेव्हा पिंटूला आत्याने उचलून आपल्या घरी आणलं आणि बिनपगारी रजा टाकली. लग्न न झालेल्या बाईने बाळासाठी रजा मागितली म्हणून ऑफिसात काय काय बोलले असतील लोक. आत्याला विचारलं तर म्हणायची, "बोलले नं. मग कंटाळले." पिंटू बोलायला लागला तो तिला छोटी आई म्हणतच. शाळेत जायला लागला तरी दुपारचं जेवण तिच्याकडे, ताप आला की झोप तिच्याकडे.

तिचं एक वाक्य होतं, "माणसं आहेत नं आपली." काहीही झालं तरी तेच. पाणी आलं नाही, माणसं आहेत नं आपली. पाय मोडला, माणसं आहेत नं आपली. मी लग्न होऊन मानेसरला आले, आमचे हे गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत, शिफ्ट ड्युटी, एकच खोली, मी दिवसभर दार लावून बसायचे कारण मला हिंदी नीट येत नव्हती आणि गल्लीची भीती वाटायची. तर आत्या नोएडाहून मेट्रो बदलत बदलत, मग शेअर ऑटोत कोंबून यायची आणि आल्या आल्या आधी दार उघडं टाकायची. "दार लावलं तर माणसं येतील कशी, मने?" मी म्हणायचे, चोर येतील. "चोर पण माणूसच नं बाप्पा. चहा दे त्याला."

मला ते तेव्हा खूप पटायचं. खरं सांगते, आत्या खोलीत असली की मला कशाचीच भीती वाटायची नाही.

मग ताईचं झालं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. ती नर्सिंग शिकली होती, तिकडे युरोपात म्हाताऱ्यांच्या घरी काम करायला गेली, तिकडेच सांची झाली. नवरा आधीच सोडून गेला होता, तो नंतर कुठं सापडला पण नाही. ताई आजारी पडली आणि आम्हाला सांगितलंच नाही तिने, फोनवर नुसती हसायची, म्हणायची थंडीने आवाज बसलाय. गेली तेव्हा माझा बंटी पोटात होता. सांची चार वर्षांची. आणि तिकडे असं आहे की मुलाला कोणी नसलं तर सरकार त्याला एका घरी ठेवतं, फोस्टर म्हणतात, ते लोक सांभाळतात पण कायमचे नाही, तोवर ऑफिस शोधत राहतं की हिला कायमचे आईबाप कोण मिळतील. आधी नातेवाइकांना विचारतात. नाही जमलं तर मग तिकडचेच कोणी.

बाबा आधीच गेलेले, आई वर्ध्याला माझ्या भावाकडे, तिला दिसत नाही, भाऊ म्हणाला मला माझीच तीन आहेत. राहिलो आम्ही आणि आत्या.

दर रविवारी व्हिडिओ कॉल मिळायचा. आत्या दुपारचं ताट घेऊन बसायची, तिकडे तेव्हा सकाळ असायची. आत्या वरणभाताचा घास करून फोनपुढे धरायची, "घे, आ कर," आणि सांची तोंड उघडायची, आणि ती फोस्टरवाली बाई, चांगली होती बिचारी, बरोबर त्याच वेळी चमचा तिच्या तोंडात द्यायची. असं पूर्ण ताट व्हायचं. पहिले पहिले सांची म्हणायची, आत्या अजून. मग नुसतं तोंड उघडायची. मग हळूहळू मराठी कमी होत गेलं तिचं, आत्या बोलायची आणि ती बाईकडे बघायची की ही काय म्हणतेय. आत्या मला म्हणाली, "लवकर कर मने. पोरगी निसटून राहिली."

माझं काय होतं, मला सांची हवी होती आणि मला प्रचंड भीती पण वाटत होती. मला वाटायचं, ते लोक माझं घर तपासायला येतील आणि म्हणतील हिला हिचंच मूल सांभाळता येत नाही, बंटीला पण घेऊन जातील. आमचे हे म्हणाले, असं नसतं गं, इकडचं सरकार वेगळं. पण ते कामावर गेले की मी परत दार लावून बसायचे.

आत्याचं वय जास्त म्हणून कागदावर आईबाप आम्ही दोघं, आणि राहायचं सगळ्यांनी आत्याच्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये, असं ठरलं. रिटायर झाल्यावर घेतला होता तो तिने, दोन खोल्यांचा, तिसऱ्या मजल्यावर. ह्यांनी नोएडाजवळ दुसरी नोकरी बघायला सुरुवात केली. मी बंटीला घेऊन तिकडे गेले. आणि मे महिन्यात निरोप आला की त्या ऑफिसतर्फे इकडच्या एक मॅडम घर बघायला येणार, त्या बघून तिकडे लिहून पाठवणार.

आता आपल्याकडे कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. मुलगी बघायला लोक येणार असले, भांडण मिटवायला जायचं असलं, हॉस्पिटलात ऑपरेशन असलं, की आपण आपली माणसं गोळा करतो. मागे माणसं दिसली पाहिजेत. एकटं दिसलं की समोरचा कमी लेखतो. आत्याने तेच केलं. दोन दिवस आधीपासून फोन. पाटणकर काका-काकू, पिंटू आणि त्याची बायको, गजभिये भाऊ, मंडळातल्या तीन-चार बायका. "साडेदहाला या, नाश्ता इथंच." मला म्हणाली, "मॅडमला दिसू दे पोरगी किती माणसांत येणार आहे."

बंटीच्या कमरेवर जन्मापासून निळा डाग आहे, कोणाला वाटेल मारलंय. डॉक्टर म्हणाले होते आपोआप जाईल. पण मी इतकी घाबरले होते की त्या दिवशी त्याला आत बनियन, वर शर्ट आणि त्यावर स्वेटर घातलं. नोएडातला मे महिना. पोरगं लालबुंद होऊन रडायला लागलं. आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "काढ ते. उकडून मारशील त्याला, मग खरंच नेतील." आणि स्वतःच्या हाताने त्याला नुसत्या लंगोटावर आणून हॉलमध्ये सोडलं, डाग सगळ्यांना दिसेल असा. मॅडमना तिने आपणहून दाखवला पण. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "मेरे बेटे को भी था." तेव्हा मला वाटलं, झालं, जमलं आपलं.

सगळे आले होते. आत्याने कोथिंबीर भरलेली सांबारवडी केली होती, गरम गरम ताटं फिरत होती, पिंटूची बायको म्हणाली आत्या रेसिपी द्या ना, गजभिये भाऊ मॅडमना मंडळाची माहिती सांगत होते. मॅडम दिल्लीच्याच होत्या, पन्नाशीच्या, वाईट बाई नव्हत्या. खोल्या बघितल्या, गॅलरीची जाळी हलवून बघितली, ह्यांना पगार विचारला, मला विचारलं, "दो बच्चे सँभाल लोगी?" मी मान हलवली. आत्या लगेच, "मैडम, ये अकेली कहाँ है, इतने सारे लोग हैं हमारे." आणि पिंटूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ये मेरे ही घर में बड़ा हुआ. आज इतना बड़ा इंजीनियर है."

मॅडमनी पेन हातात घेतलं. म्हणाल्या, "बच्ची एक बार माँ को खो चुकी है. वहाँ वाले एक ही बात पूछते हैं. इन दोनों को कुछ हो गया तो बच्ची किसके पास जाएगी? एक नाम दीजिए. उसका साइन चाहिए."

आत्या म्हणाली, "मेरे पास."

"आप अड़सठ की हैं, आंटी. आपके बाद?"

"सब हैं."

"सब नहीं. एक."

आत्या हसून सगळ्यांकडे वळली. म्हणजे तिला वाटलं होतं की आता चार हात एकदम वर होतील आणि कोणाचं लिहायचं याचं भांडण होईल. तिच्या तोंडावर तसंच होतं, मी बाजूलाच होते, मी बघितलं. पाटणकर काकू म्हणाल्या, "आमचं वय झालं गं आता." ते खरंच होतं. बायकांनी ताटातली वडी मोडायला सुरुवात केली. गजभिये भाऊ घसा साफ करून म्हणाले, "मैडम, समाज है ना. पूरा समाज खड़ा है पीछे."

मॅडम म्हणाल्या, "समाज का साइन मैं कहाँ लूँ, भाई साहब?"

मग सगळे पिंटूकडे बघायला लागले. पिंटू फोनमध्ये बघत होता. त्याच्या बायकोने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो म्हणाला, "मॅम, इट्स अ बिग कमिटमेंट. वी विल हॅव टू डिस्कस." मॅडम म्हणाल्या हो, डिस्कस करा, कळवा. मला मराठी कळतं, हिंदी कळतं, आणि ते इंग्रजी पण मला त्या दिवशी पूर्ण कळलं.

कोणी वाईट बोललं नाही. पंखा चालू होता. बंटी रांगत जाऊन पिंटूच्या बुटाची लेस ओढत होता.

मॅडम गेल्यावर दहा मिनिटांत घर रिकामं झालं. आत्याने प्रत्येकाला उरलेली वडी डब्यात घालून दिली. पिंटूला जास्त दिली, त्याला आवडते म्हणून. जिन्यापर्यंत सोडायला गेली. तो म्हणाला, "छोटी आई, मी फोन करतो." ती म्हणाली, "हो, सावकाश कर. गाडी हळू चालव."

मी आत येऊन रडायला लागले. मी म्हटलं, तू सहा महिने पगार सोडलास त्याच्यासाठी. आत्या भांडी घासत होती. म्हणाली, "मी सोडला. त्याने सोडायला सांगितला होता का? तो तर दूध पीत होता." मी म्हटलं, नुसतं एक नाव, आत्या, लिहून द्यायला काय जात होतं. ती नळ बंद करून माझ्याकडे वळली. "जातं, मने. म्हणूनच नाही दिलं. खोटं हो म्हणाला असता आणि उद्या खरंच पोरगी त्याच्या दारात उभी राहिली असती, तर? त्याने खरं सांगितलं."

तिने त्याला माफ केलं असेल. मी केलं नाही. अजून नाही.

पिंटूचा फोन आला, पण दिवाळीला आला, शुभेच्छांचा. त्याच्या आत आत्या रोज कोणाला ना कोणाला फोन करत होती, माझ्या भावाला केला, नागपूरच्या चुलत बहिणींना केला, क्वार्टरमधली पोरं जी आता पुण्यात आहेत त्यांना केला. सगळे म्हणायचे, आत्या, तुझ्यासाठी काहीही, पण हे जरा. पुढचं वाक्य कोणीच पूर्ण करायचं नाही. मॅडमनी दोनदा आठवण केली. मग थंडी सुरू झाली आणि त्यांचाच फोन आला, फार हळू बोलल्या, की तिकडे एक जोडपं मिळालंय, चांगले लोक आहेत, कोर्टाने मान्य केलंय. घर लहान, वडील रात्रीच्या ड्युटीवर, हे पण मॅडमनी पाठवलेल्या कागदात लिहिलं होतं. पण मॅडम म्हणाल्या, ते सगळं चाललं असतं. एक नाव नव्हतं.

आत्याने फोन ठेवला आणि मला म्हणाली, वरणाला फोडणी दे. त्यानंतर ती माणसं आहेत नं आपली असं कधीच म्हणाली नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. गॅस संपला, लिफ्ट बंद पडली, ती नुसती म्हणायची, "बघू."

शेवटचा एक कॉल दिला त्यांनी, निरोपाचा. मध्ये एक गुजराती बाई होती, ती हिंदीतून तिकडच्या भाषेत सांगायची. नवी आई बुटकी, चष्मेवाली, सारखी केस कानामागे करत होती, तीही घाबरलेली होती, ते मला बरं वाटलं. सांचीने आम्हाला हात हलवला आणि जाऊन खेळायला बसली. आत्याने तयारी करून ठेवली असेल असं वाटलं होतं, हिला ताप लवकर चढतो, हिची आई अशी होती, असं काही सांगेल. तसं काही नाही. तिने एकच विचारलं, "इनसे पूछो, तुम दोनों को कुछ हो गया तो बच्ची किसके पास जाएगी."

गुजराती बाईने विचारलं. नव्या आईने मान वळवून कोणाला तरी हाक मारली. दुसऱ्या खोलीतून एक बाई आली, हाताला पीठ लागलेलं, वाकून कॅमेऱ्यात बघितलं आणि हात हलवला. तिची बहीण होती.

आत्याने तिला नमस्कार केला. फोन बंद झाला. मग म्हणाली, "बाहेरून बोलवायला पण नाही लागली. घरातच होती ती."

आम्ही मानेसरला परत आलो. ह्यांची दुसरी नोकरी काही झाली नव्हती. आत्याला मी म्हटलं, आमच्याकडे ये, ती म्हणाली, एका खोलीत कुठं, आणि मला सवय आहे. गेल्या थंडीत ती गेली. छातीत दुखायला लागलं म्हणून स्वतःच खाली उतरून ऑटो करून गेली हॉस्पिटलात, कोणाला उठवलं नाही, फोन केला नाही. आत्याने. जिच्या घरी माणसांना यायला वेळकाळ नव्हता.

सगळे आले होते. बुद्धवंदना झाली, गजभिये भाऊ छान बोलले. पिंटूने दोन दिवस गाडी दिली, सगळी धावपळ त्याने केली, आणि रडला तो सगळ्यांत जास्त. मी त्याला पाणी नेऊन दिलं. त्याने माझ्याकडे बघितलं, त्याला काही बोलायचं होतं. मी ग्लास घेऊन परत आले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चालू असतं. आम्हाला दोघांना काही झालं तर बंटी कोणाकडे. हे हसतात, म्हणतात काही होत नाही. पण ताईला पण काही होणार नव्हतं. आधी मला हा प्रश्न पडायचाच नाही, कारण आत्या होती, त्याचं उत्तर न विचारता ठरलेलं होतं. आता हे रात्रपाळीला निघाले की मी हायवेवरच्या ट्रकांचा आवाज ऐकत बसते.

मागच्या आठवड्यात मी शेजारच्या रेखाला विचारलं. बिहारची आहे, माझ्याच वयाची, तिची मुलगी आणि बंटी एकत्र खेळतात, तिचा नवरा ह्यांच्याच कंपनीत. ती कणीक मळत होती. मी एका दमात सगळं बोलून टाकलं, हिंदी चुकत होती माझी, की हम दोनों को कुछ हो गया तो मेरे बंटी को तू रखेगी क्या, और तेरी को मैं. मला वाटलं ती म्हणेल, पागल है क्या, किंवा म्हणेल, हाँ हाँ, ये भी कोई पूछने की बात है. ते मी खूप ऐकलंय.

रेखाने हात थांबवले. अंगणात पोरं पाण्यात हात घालून बसली होती, त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अपने आदमी से पूछकर बताऊँगी. और सास से भी पूछना पड़ेगा."

अजून तिने सांगितलेलं नाही. रोज नळावर भेटते, मी विचारत नाही. पण काल तिने मला विचारलं की बंटी रात्री एकटा झोपतो का, आणि त्याला अंडं चालतं का.